बूट दारात, नाव वहीत

"नऊ नंबर काढूनच टाकू या, मावशी," त्याशा म्हणाली आणि तिने लाल पेनाचं टोपण उघडलं.

रेझकाने त्या पेनाकडे अशा नजरेने पाहिलं, की दुसरी कोणी असती तर टोपण लावून गप्प बसली असती. पण त्याशा पर्यटन कचेरीतली, असल्या नजरा तिच्या रोजच्याच. खोऱ्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक छोटी पुस्तिका काढायची आणि त्यात दहा सूचना द्यायच्या, असं कचेरीत ठरलं होतं. आणि सूचना म्हटलं की अख्ख्या खोऱ्यात लोक एकाच घराकडे बोट दाखवत.

रेझकाच्या शेतघरात पाहुण्यांसाठी चार खोल्या होत्या. दारातून आत आलं, की बुटांच्या कपाटावर तिचा तो कागद चिकटवलेला असे. कलमं सतरा, आणि एकेका कलमामागे कोणीतरी एकेक पाहुणा होता. मधमाश्यांच्या पेट्यांसमोर उभं राहून फोटो काढू नका, हे त्या इटालियन नवरदेवामुळे. बिचारा लग्नानंतरचा पहिला आठवडा सुजलेल्या तोंडाने काढून गेला. पार्सलावर आमच्या देशाचं नाव नीट लिहा, कारण एका बाईंची विसरलेली पँट स्लोव्हेनियाऐवजी स्लोव्हाकिया फिरून आली होती. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडू नका, वाऱ्याने मान धरते. रोज संध्याकाळी अंगावर गोचीड आहे का ते बघा, लाजू नका. डोंगरवाटेवर भेटेल त्याला नमस्कार करा, शहरात केला नाहीत तरी चालेल. घरच्या दारूचा पहिला पेला नाकारू नका. दुसरा नाकारलात तर मी रागावणार नाही, तिसरा गाश्पर ओततो, त्याचं त्याच्याशी बघा.

आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, पहिलं कलम: बूट दारात. टोपलीतल्या सपाता घालूनच आत.

"सतरातली सात काढायचीत," त्याशा म्हणाली. "गोचीड तर राहिलीच पाहिजे. मधमाश्या राहू देत. पण हे बघा: 'डोंगरघरात चहापुरते थांबलात तरी वहीत नाव, वेळ आणि पुढे कुठे जाणार ते लिहा. वाटेत कोण कोण भेटलं तेही लिहा.' मावशी, हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. वही कोण वाचतं? आणि वाटेत कोण भेटलं? लोक म्हणतील, ह्या बाई पोलिसात होत्या की काय!"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला रेझकाचा नवरा गाश्पर ताकात पाव कुस्करून खात होता. तो खो खो हसला.

"पोलिसात? अगं पोरी, पोलीस हिला घाबरतात."

"तू गप रे," रेझका म्हणाली.

"पण पोरगी खोटं बोलत नाहीये. ती वही पाहुण्यांसाठी असते. मी बहात्तर वर्षांचा झालो, आजवर एकदा तरी लिहिलंय का? हा डोंगर माझा आहे. आपल्याच गोठ्यात जाताना माणूस सही करतो का?"

हे त्याचं एकट्याचं नव्हतं. डोंगरघर म्हणजे वर वाटसरूंच्या विसाव्याचं घर, पण गावात कोणीच तिथल्या वहीत लिहीत नसे. नऊशे मैलांवरून आलेला माणूस आपलं नाव, गाव, वेळ टाकून जाई, आणि इथे जन्मलेला माणूस डोंगरघरात चहा पिऊन, मिशी पुसून, वहीकडे न बघता निघून जाई. लिहिलं तर आपण परके ठरू असंच त्यांना वाटे.

रेझकाने खरं कारण त्याशाला सांगितलं नाही. ती चौदा वर्षांची असताना तिचा भाऊ टीने वर गुरं बघायला गेला, तो आलाच नाही. त्या दिवशी तीन वेगवेगळ्या लोकांना तो वाटेत भेटला होता. तिघांनीही वहीत आपापलं नाव लिहिलं, त्याच्याबद्दल कोणी अक्षर लिहिलं नाही. शोधणारे तीन दिवस चुकीच्या बाजूला हिंडले. चौथ्या दिवशी तो सापडला तेव्हा उशीर झाला होता. नवव्या कलमाचं शेवटचं वाक्य त्याचं होतं. पण असल्या गोष्टी सकाळच्या नाश्त्याला पर्यटन कचेरीसमोर काढायच्या, हे तिच्या स्वभावात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिलाही वाटलं, की काळ बदललाय, आपणच हट्टाने धरून बसलोय.

"खोड," ती म्हणाली.

त्याशाने आपल्या कागदावर रेघ मारली. मग रेझका स्वतः उठली, बुटांच्या कपाटापाशी गेली आणि भिंतीवरच्या कागदावरही तिने तीच लाल रेघ ओढली. उगाच एकीकडे एक आणि दुसरीकडे एक नको.

"सुटलो एकदाचे!" गाश्पर म्हणाला. त्याने भिंतीवरची दोरी खांद्याला लावली, मिठाची पिशवी घेतली, निळा ॲप्रन झटकला. लिस्का नावाची त्याची पाडी दोन दिवस कळपाबाहेर हिंडत होती. "तिला घेऊन येतो. दूध काढायच्या वेळेला घरी."

"कुठल्या बाजूला जातोयस?"

"लिस्का असेल त्या बाजूला."

"जा, जा," रेझका फणकारली. "आणि कोणाला सांगू नकोस हं कुठे चाललास ते! डोंगर तुझाच आहे ना!"

तो हसत गेला. त्याचा फोन नेहमीप्रमाणे साखरेच्या डब्याशेजारी राहिला, आणि त्याच्या सपाता चुलीपाशी. जुन्या, करड्या, जाड लोकरी नमद्याच्या, उजवीच्या अंगठ्याला भोक पडलेल्या. त्या सपाता घरात दुसरं कोणी घालत नसे. एकदा कोण्या पाहुण्याने चुकून घातल्या होत्या, तर गाश्पर अख्खं जेवण एक शब्द न बोलता जेवला होता.

त्या आठवड्यात घरात एकच पाहुणा होता, विबे नावाचा. हॉलंडचा, चाळीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेला. त्याच्या गावात टेकाड म्हणून नाही. आला त्या संध्याकाळी तो कागदासमोर चष्मा लावून उभा राहिला आणि सतराच्या सतरा कलमं त्याने आपल्या छोट्या वहीत उतरवून घेतली. नंतर मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये शंका विचारल्या. गोचीड कानामागेही बघायची का? वाटेत गाय भेटली तर तिलाही नमस्कार करायचा का? ही शेवटची शंका ऐकून गाश्परला ठसका लागला.

"हा माणूस श्वास घेण्याआधीही कलम बघेल," तो म्हणाला होता.

पण दोघांचं जमलं. तिसरा पेला विबेने नाकारला नाही, कारण तिसरा नाकारण्याबद्दल कागदावर स्पष्ट काहीच नव्हतं. आज तो साडेआठलाच निघाला होता. वरच्या डोंगरघरात सूप पिऊन, खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं, तिकडे दोन रात्री काढायच्या आणि तिसऱ्या दिवशी बसने परत यायचं, असा त्याचा बेत होता. फोन त्याने बंद केला होता. सहावं कलम: खिंडीपलीकडे रेंज नाही, फोनच्या भरवशावर राहू नका.

तीन वाजता वरती ढग गडगडले. अर्धा तास पाऊस नुसता कोसळत होता, मग थांबला आणि डोंगराच्या कमरेला दाट धुकं लागलं. रेझकाला काही वाटलं नाही. असे पाऊस उन्हाळ्यात आठवड्याला दोन येतात, आणि गाश्पर कुठल्यातरी कातळाखाली बसून पाइप ओढत असणार, हे ती धरून चालली. चार वाजले. तिने बटाटे सोलले. साडेचार झाले, गोठ्यातल्या गाई ओरडायला लागल्या, तेव्हा ती मनातल्या मनात नवऱ्याला दोन शिव्या घालून दूध काढायला बसली.

पाचच्या सुमाराला गळ्यातली घंटा ऐकू आली.

"आला बाबा," ती म्हणाली आणि हात पुसत अंगणात आली. लिस्का फाटकातून आत येत होती. चिखलाने माखलेली, एकटीच. गळ्यात दोरी अडकवलेली होती आणि दोरीचं दुसरं टोक जमिनीवरून फरफटत येत होतं.

ती फाटकापर्यंत पळाली. सडसष्टाव्या वर्षी ती पळाली, हे तिला स्वतःलाही नंतर खरं वाटलं नाही. वाटेवर कोणी नव्हतं. तिने हाक मारली, पुन्हा मारली. मग ती घरात आली आणि साखरेच्या डब्याशेजारचा त्याचाच फोन उचलून तिने नात्सेला लावला.

नात्से गावचा पाववाला. पहाटे पाव भाजतो आणि डोंगरात कोणी अडकलं की भट्टी टाकून धावतो. बचाव पथकाचा तो म्होरक्या. पंधरा मिनिटांत तो स्वयंपाकघरात उभा होता, केसात पीठ तसंच, मागे सहा जण. बूट कोणी काढले नव्हते. रेझकाच्या ते लक्षातही आलं नाही.

"मावशी, काका कुठल्या बाजूला गेले?"

"नाही माहीत."

"काही बोलले असतील."

"लिस्का असेल त्या बाजूला, म्हणाला." तिने त्याची बाही धरली. "नात्से, मी त्याला म्हटलं, कोणाला सांगू नकोस कुठे चाललास ते. मीच म्हटलं रे."

"बरं, बरं. ते नंतर." नात्सेने नकाशा टेबलावर पसरला, ताकाच्या वाटीवरच. "हे बघा. धुकं आहे, हेलिकॉप्टर उडणार नाही. आम्ही सात जण. उजेड आहे अजून साडेतीन तास. वर तीन घळी आहेत. एका घळीत शोधायलाच दोन तास जातील. तिन्ही होणार नाहीत. एकच धरायची. काका नेहमी कुठे जातात?"

"वरच्या झऱ्यांकडे," रेझका म्हणाली. "गुरं तिकडेच असतात. उन्हाची बाजू."

"मग झऱ्यांकडे जाऊ."

रेझकाच्या कानात टीनेच्या वेळचं बोलणं घुमायला लागलं. तेव्हाही कोणीतरी असंच म्हणालं होतं, की नेहमी झऱ्यांकडे जातो. तेव्हाही असाच नकाशा पसरला होता, तिच्या आईच्या टेबलावर. तिने हात पुढे करून नकाशा धरून ठेवला.

"थांब. डोंगरघरात मिंकाला विचार. वहीत बघायला सांग."

"मावशी, काका वहीत लिहितात होय?" नात्से हळूच म्हणाला. तो स्वतःही कधी लिहीत नव्हता.

"तो नाही लिहीत. दुसऱ्या कोणी काही लिहिलं असेल. विचार म्हणते ना!"

त्याने वाद न घालता बिनतारी यंत्र उचललं आणि डोंगरघराला विचारलं. मिंका म्हणजे डोंगरघराची बाई, सूप आणि बिछाने सांभाळणारी. खरखरीतून तिचा आवाज आला, "गाश्पर? नाही बाई, इकडे फिरकलाच नाही. वही? थांबा." पानं उलटल्याचा आवाज. "दोन झेक मुलं, नऊ वाजता, शिखरावर जाणार. एक कुटुंब, लुब्लियानाचं, चहा पिऊन खाली. एक बाई एकट्या, खिंडीकडे. आणि... अरे देवा, ह्या एकाने अर्धं पान भरवलंय. दुपारी बघून मी हसले होते. तुमच्याकडचाच पाहुणा दिसतोय, तो लांबुडका."

"वाच," रेझका यंत्रात ओरडली. "सगळं वाच!"

"जर्मनमध्ये आहे. छापल्यासारखं अक्षर आहे. 'आठ तीस, घरून निघालो. नऊ पन्नास, झरा, पाणी प्यायलो, पाच मिनिटं. दहा पंधरा, दोन गाई, नमस्कार केला. अकरा वीस, जिथे दोन सूचिपर्णी झाडं जोडीने आहेत तिथे घरमालक श्री. गाश्पर भेटले. निळा ॲप्रन, दोरी, मिठाची पिशवी. त्यांनी मला चीज दिलं. आम्हाला खालून घंटा ऐकू आली. ते म्हणाले, लिस्का पांढऱ्या घसरणीच्या खाली आहे, तिकडे उतरतो. मी त्यांना काही सल्ला दिला नाही. अकरा सव्वीस, निरोप घेतला. बारा चाळीस, इथे पोहोचलो. पुढे: खिंड, पलीकडचं डोंगरघर.'"

नात्सेने नकाशावरचं बोट झऱ्यांवरून उचलून पांढऱ्या घसरणीवर ठेवलं.

पांढरी घसरण तिन्ही घळींच्या पलीकडे, सावलीच्या बाजूला. वसंतात कडा कोसळून तिथली वाट मोडली होती आणि गावाने तोंडावर लाकडी आडणा टाकून ती बंद केली होती. तिकडे कोणी शोधायला गेलंच नसतं. नात्सेने नकाशा गोळा केला आणि एवढंच म्हणाला, "चला रे."

एक यंत्र रेझकापाशी ठेवून ते गेले आणि घर एकदम रिकामं झालं. शेजारपाजारच्या बायका आल्या, कोणी चहा ठेवला, कोणी जपमाळ काढली. रेझका चुलीपाशी बसली. समोर गाश्परच्या सपाता होत्या, आत्ता कोणी पाय घालील अशा तऱ्हेने दाराकडे तोंड करून ठेवलेल्या. त्याची ती सवयच होती. घराबाहेर पडताना तो सपाता वळवून ठेवी, म्हणजे आल्यावर पाय सरळ आत जावेत. पंचेचाळीस वर्षं रेझका त्याला म्हणत आली होती, मधे मधे येतात त्या, बाजूला ठेव. आता तिला त्यांच्याकडे बघवेना आणि नजरही हलेना.

पावणेआठला यंत्रातून नात्सेचा आवाज आला. "मावशी. सापडले. जिवंत आहेत."

तिचा जीव भांड्यात पडला, आणि ती अशी ओक्साबोक्शी रडली की शेजारणी घाबरल्या. पाय मोडला होता. घसरणीवरून लिस्काला वर काढताना एक दगड सुटला आणि हा खाली गेला, एका कातळाच्या खोबणीत अडकला. पावसाने भिजून गारठला होता, शब्द नीट उच्चारता येत नव्हते. रुग्णालयातले डॉक्टर नंतर म्हणाले, सकाळपर्यंत टिकले नसते. पण स्ट्रेचरवर घोंगड्या गुंडाळताना त्याने नात्सेला पहिली गोष्ट विचारली ती ही, "लिस्का पोहोचली का घरी?" आणि दुसरी, "ती रागावलीये का?" दुसरी 'ती' कोण, हे नात्सेला विचारावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी विबे बसमधून उतरला. त्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. पाठीला पिशवी, नाक उन्हाने सोललेलं. अंगणात त्याने लिस्काला नमस्कार केला, दारात आला आणि वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

"असू देत," रेझका म्हणाली. "बुटांसकट या आत."

विबेने मान वर करून तिच्याकडे बघितलं. ही बाई आजारी आहे की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"कलम एक," तो म्हणाला.

"माहितीये मला. मीच लिहिलंय. या म्हणते ना!"

"नाही नाही. चिखल आहे." आणि त्याने दोन्ही बूट काढून, टाचेला टाच लावून कपाटात ठेवले. मग तो टोपलीकडे वळला, तेवढ्यात रेझका आतून आली. तिने त्याच्यापुढे करड्या सपाता ठेवल्या, उजवीच्या अंगठ्याला भोक पडलेल्या.

विबेने त्या ओळखल्या. "ह्या तर श्री. गाश्पर यांच्या."

"हो. घाला."

"पण ते..."

"तेच म्हणालेत. काल रुग्णालयात. म्हणाले, मला सध्या एकच पाय आहे, विबेला दोन आहेत, त्याला घालायला दे."

तिने त्याला टेबलापाशी बसवलं, पुढ्यात सूप ठेवलं, मग सगळं सांगितलं. जर्मन तिचीही मोडकीच. अडलं तिथे ती हातांनी सांगत होती, नकाशा पसरल्यासारखा हात फिरवत होती. विबे चमचा हातात धरून तसाच बसला. सूप निवलं.

"माझा नवरा तुमच्यामुळे जिवंत आहे," रेझका म्हणाली. "मला आभार मानता येत नाहीत. मला रागावता येतं तेवढं चांगलं येतं. पण मी तुमची फार फार आभारी आहे. मरेपर्यंत राहीन."

विबेचे कान लाल झाले. "मी फक्त कागदावर होतं ते केलं," तो म्हणाला. "ट्राममध्येही आम्ही असंच लिहायचो. कुठला थांबा, किती वाजता, काय झालं. आणि एक चुकलंच माझं. बंद वाटेचा आडणा मी येताना बघितला होता. त्यांना म्हणायला हवं होतं, तिकडे जाऊ नका. मी म्हटलं, डोंगर त्यांचा आहे, मी सपाट मुलखातला, मी काय सांगणार?"

"तो ऐकणार होता थोडाच! मी पंचेचाळीस वर्षं सांगतेय." ती उठली, बुटांच्या कपाटावरचा कागद काढून घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवला. "हे बघा. तुम्ही निघालात आणि तासाभरात मी हे स्वतःच्या हाताने खोडलं. नववं. मला वाटलं, कोण वाचतंय. माझ्या भावाच्या नावाने लिहिलेलं कलम, आणि मीच त्याला रेघ मारली. तुम्ही ते माझ्याहून जास्त मानलंत."

विबेने कागदावरच्या लाल रेघेकडे बघितलं. मग खिशातून आपली छोटी वही काढून नवव्या कलमाचं पान उघडलं.

"माझ्यात खोडलेलं नव्हतं," तो म्हणाला.

रेझकाने त्याच्या हातावर हात ठेवला. ती पाहुण्यांना कधी हात लावत नसे. मग तिने निवलेलं सूप उचललं, पुन्हा गरम करून आणलं, वर चीजचे रोल वाढले, आणि तीन पेले ओतले. तिन्ही त्याचेच.

चार दिवसांनी तो गेला. जाताना सपाता त्याने दाराकडे तोंड करून चुलीपाशी ठेवल्या. तशा ठेवायच्या असतात हे कुठल्याच कलमात नव्हतं. त्याने बघून ठेवलं होतं.

त्याशाची पुस्तिका ऑगस्टच्या शेवटी आली. दहाच्या जागी अकरा सूचना होत्या आणि वहीची सूचना सगळ्यात वर. त्याशा स्वतः गठ्ठा घेऊन आली, दारात बूट काढून मान खाली घालून उभी राहिली. "मावशी, तुमच्या भावाचं मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. रेझका म्हणाली, "तू विचारलं नाहीस आणि मी मूर्ख. बस, जेवून जा."

सप्टेंबरातल्या एका रविवारी नात्सेने गाश्परला आपल्या जीपमधून जंगलाच्या रस्त्याने वर नेलं. शेवटचा टप्पा तो कुबडीवर, रेझकाचा खांदा धरून, वाटेतल्या प्रत्येक दगडाला नावं ठेवत चढला. डोंगरघरात मिंकाने चहा आणला. त्याने तो पिऊन मिशी पुसली.

"वही आण," तो म्हणाला.

मिंकाने ताट तिथेच ठेवलं आणि वही आणली. नात्से दारात उभा होता, तो आत आला.

गाश्परने वही घेतली आणि आधी मागची पानं उलटली, जुलैपर्यंत. ते अर्धं पान सापडलं तेव्हा बोट ओळीखाली धरून त्याने हळूहळू वाचलं, जर्मन त्याला फारसं येत नसे तरी. अकरा वीस. अकरा सव्वीस. त्याने दोनदा नाक ओढलं आणि धूर लागला म्हणाला. चूल विझलेली होती.

मग तो शेवटच्या पानावर आला आणि लिहायला लागला. त्याचं अक्षर मोठं, वाकडं. पेन इतक्या जोरात दाबत होता की रेझकाला वाटलं कागद फाटेल. लिहून झाल्यावर त्याने वही तिच्याकडे सरकवली आणि खिडकीबाहेर बघत बसला.

रेझकाने चष्मा लावला.

नाव: गाश्पर, खालच्या गावचा. वेळ: अकरा वीस. कुठून आला: घरून. पुढे कुठे जाणार: घरी, रेझकाकडे. वाटेत कोण भेटलं: विबे, ट्रामवाला, सव्वीस जुलैला. त्याने लिहिलं, म्हणून आज मी लिहितोय.

तिने ते दोनदा वाचलं. मग पेन उचलून नात्सेच्या हातात दिलं.

"आता तू," ती म्हणाली.